पहिल्या साक्षीदाराची साक्ष

१९८१ सालच्या ऑगस्ट महिन्यात आय.बी.एम. कंपनीने आपला पहिला वैयक्तिक संगणक जाहीर केला, तेव्हा त्या यंत्राच्या जोडीने तिने एक ग्रंथही विक्रीस ठेवला. वाङ्मयाच्या इतिहासात त्याची नोंद होण्याचे काही कारण नाही. तथापि त्याच्या परिशिष्टाची पाने मी आजवर अनेक वेळा आवडीने चाळीत आलो आहे. तांत्रिक संदर्भग्रंथ असे त्याचे रूक्ष नाव. बांधणीही कचेरीतल्या फायलीसारखी, कड्यांची, म्हणजे पाने काढावीत व घालावीत. ह्या ग्रंथाच्या परिशिष्टात, यंत्राच्या रॉममध्ये कायमची कोरलेली जी मूळ आज्ञावली, जिला बायोस म्हणतात, ती पहिल्या आज्ञेपासून शेवटच्या आज्ञेपर्यंत, लेखकांच्या उजवीकडील टिपांसह, साद्यंत छापलेली आहे. सारी मिळून आठ किलोबाइट. आजच्या मोबाइलमधले एखादे किरकोळ छायाचित्रही ह्याच्या कित्येक पट जागा अडवते. ह्या आठ किलोबाइटांत एकेक बाइट मोलाचा असताना, आरंभीचा बराच मोठा भाग असा आहे की तो गिऱ्हाइकाचे कसलेही काम करीत नाही. तो यंत्राची झडती घेतो, आणि झडती घेणारा दुसरा कोणी नसून तेच यंत्र असते.

न्यायालयात एखाद्या साक्षीदाराच्या सचोटीविषयी संशय आला, तर त्याची उलटतपासणी घेणारा वकील निराळा असतो, पंचनाम्यावर सही करणारे पंच निराळे असतात आणि निकाल देणारा न्यायाधीश तर सर्वस्वी निराळा असतो. येथे आरोपी, साक्षीदार, पंच आणि न्यायाधीश ह्या चारही भूमिका एकाच्याच माथी आलेल्या. तेव्हा ह्या खटल्यात पहिली साक्ष कोणाची घ्यावी, आणि ती कोणाच्या भरवशावर खरी मानावी? प्रश्न वेदान्त्यांच्या चर्चेतला वाटेल, परंतु फ्लॉरिडातील बोका रॅटन येथे ज्या थोड्या अभियंत्यांनी हे यंत्र घडविले, त्यांच्यापुढे तो अगदी व्यावहारिक रूपात उभा होता, आणि त्यांनी त्याचे जे उत्तर दिले ते अनुक्रमाच्या रूपाने दिले. कोणती वस्तू आधी तपासावी व कोणती मागून, ह्या एका विवेकावर सारी इमारत उभी आहे. तो अनुक्रम कळला म्हणजे ह्या आज्ञावलीतील पुष्कळशा चमत्कारिक दिसणाऱ्या युक्त्या आपोआप उलगडतात.

यंत्राची कळ दाबल्याबरोबर प्रोसेसर कामास लागतो असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः वीज पुरविणारा डबा प्रथम आपल्या विजेचे दाब स्थिर झाल्याची खात्री करून घेतो, आणि तशी वर्दी एका स्वतंत्र तारेने धाडतो. ती वर्दी पोचेपर्यंत प्रोसेसरला जखडून ठेवलेले असते. वर्दी पोचली की इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर, आपल्याला दिसणाऱ्या १०,४८,५७६ घरांपैकी शेवटून सोळाव्या घराकडे पाहतो. तेथेच का, तर त्याची घडणच तशी. त्या घरापासून शेवटापर्यंत जेमतेम सोळा बाइट उरतात. त्यांत कितीशी आज्ञावली मावणार! म्हणून तेथे केवळ 'अमुक ठिकाणी जा' एवढीच पाच बाइटांची आज्ञा ठेवलेली असते, आणि तिच्या पाठीमागे, जणू दस्तऐवजाच्या तळाशी मिती घालावी तशी, आज्ञावली मुक्रर झाल्याची तारीख: २४ एप्रिल १९८१.

उडी मारून प्रोसेसर जेथे पोचतो तेथे त्याची स्वतःची परीक्षा सुरू होते. प्रोसेसरच्या अंगी 'ध्वज' म्हणून काही एकेरी खुणा असतात: मागल्या गणिताचे उत्तर शून्य आले की नाही, ऋण आले की नाही, हातचा उरला की नाही. प्रथम हे ध्वज उभारले जातात, व प्रत्येकाकडे पाहून वाट बदलणाऱ्या ज्या आज्ञा असतात त्या एकामागून एक चालवून, वाट अपेक्षेप्रमाणे बदलते की नाही ते पाहिले जाते. मग सगळे ध्वज उतरवून पुन्हा तोच खेळ. त्यानंतर प्रोसेसरच्या पोटातील रजिस्टरांची पाळी येते. सोळाच्या सोळा बिटे 'एक' असलेली संख्या पहिल्या रजिस्टरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी सर्वांच्या हातून फिरवून आणतात आणि शेवटी ती अक्षुण्ण उरली आहे काय हे बघतात. नंतर सर्व शून्यांची संख्या त्याच वाटेने जाते. कोठेही विसंवाद आढळला तर आज्ञा एकच: थांब. मौज अशी की, ज्याच्या शुद्धीविषयी नुकताच प्रतिकूल निकाल लागला आहे त्या प्रोसेसरने ही थांबण्याची आज्ञा तरी बिनचूक पाळावी अशी येथे अपेक्षा आहे. जो खरोखर बिघडलेला आहे तो बहुधा पहिल्या उडीलाच धडपडलेला असतो, त्याला ही परीक्षा गाठताच येत नाही. तरीही ती घेतात. ह्यात मला विसंगतीपेक्षा प्रामाणिकपणा अधिक दिसतो. जेवढे तपासणे शक्य आहे तेवढे तपासले, पुढचे विश्वासावर.

प्रोसेसर पास झाला की रॉमची पाळी. आठ किलोबाइटांतील प्रत्येक बाइटाची बेरीज करीत जायचे, २५६ झाले की पुन्हा शून्यापासून मोजायचे, आणि अखेरीस बाकी शून्य आली पाहिजे. ती यावी म्हणून कारखान्यातच एक बाइट भरतीला घातलेला असतो. ही कसोटी ढोबळ आहे. एका ठिकाणी तीन वाढले आणि दुसरीकडे तीन घटले तर बेरजेला पत्ता लागत नाही. परंतु ह्या ठिकाणी आज्ञावलीकारांना जी खरी अडचण आली ती बेरजेची नव्हती. बेरीज करणारा उपक्रम एकदाच लिहून ठेवावा आणि लागेल तेव्हा त्याला पाचारण करावे, ही कोणत्याही आज्ञावलीतली नित्याची रीत. पण पाचारण करावयाचे तर 'काम संपल्यावर कोठे परतायचे' तो पत्ता कोठेतरी टिपून ठेवावा लागतो, आणि तो टिपतात रॅममध्ये. रॅम तर अजून तपासलेली नाही. तपासली नाही इतकेच नव्हे, ह्या क्षणी ती धड जिवंतही नाही. मग त्यांनी काय करावे? परतीचे पत्ते त्यांनी आधीच, आज्ञावली लिहितानाच, रॉममध्ये लिहून ठेवले आणि प्रोसेसरला सांगितले की तुझी टिपणवही तेथे आहे असे समज. प्रोसेसर काम संपवून टिपणवहीत पाहतो, त्याला पत्ता मिळतो, तो परत येतो. ती वही आपण कधी लिहिलीच नव्हती ह्याचा त्याला संशयही येत नाही. परिशिष्टाच्या ह्या पानाशी मी दर वेळी थोडा रेंगाळतो.

रॅम जिवंत नाही असे वर म्हटले, त्याचा खुलासा केला पाहिजे, कारण सगळ्या अनुक्रमाचे मर्म तेथे आहे. त्या काळी रॅमच्या चिपांत प्रत्येक बिट म्हणजे सूक्ष्म कपॅसिटरात साठविलेला विद्युद्भार असे, आणि आजही तसेच आहे. हा भार गळतो. यंत्रातील चिपांना दर दोन मिलिसेकंदांच्या आत आपल्या १२८ ओळींपैकी प्रत्येक ओळ एकदा तरी वाचली जावी लागे. वाचताना ती पुन्हा भरली जाते. ती वाचली गेली नाही तर जे लिहिले ते पुसले जाते. हे पुनर्भरणाचे काम आय.बी.एम.च्या अभियंत्यांनी दोन चाकरांत वाटून दिले होते. ८२५३ ह्या घड्याळाच्या चिपने सुमारे पंधरा मायक्रोसेकंदांनी एकदा टोला द्यावा, आणि ८२३७ ह्या डीएमए चिपने त्या टोल्यासरशी रॅमची एक ओळ वाचून सोडून द्यावी. पंधरा मायक्रोसेकंदांना एक ह्या हिशेबाने १२८ ओळी दोन मिलिसेकंदांना किंचित कमी वेळात पुऱ्या होतात. तेव्हा रॅमची परीक्षा घ्यायची तर पुनर्भरण चालू हवे, पुनर्भरणासाठी डीएमए हवा, डीएमएला टोला देण्यासाठी घड्याळ हवे. आणि ह्या दोघांची परीक्षा रॅमचा एकही बाइट न वापरता, केवळ प्रोसेसरच्या पोटातील रजिस्टरांच्या बळावर घेतली पाहिजे. परिशिष्टात क्रम नेमका तसाच आहे: आधी घड्याळ, मग डीएमए, मग पुनर्भरणाचा प्रारंभ, आणि त्यानंतरच पहिल्या सोळा किलोबाइट रॅमची तपासणी. ज्याची साक्ष झाली त्याच्याच आधाराने पुढल्याची साक्ष काढावयाची, ज्याची झाली नाही त्याला पिंजऱ्याबाहेर उभे ठेवावयाचे.

(ह्या घड्याळाचा उगमही गमतीचा आहे. यंत्रातील मूळ स्फटिक १४.३१८१८ मेगाहर्ट्‌झचा होता, म्हणजे अमेरिकेतील रंगीत दूरचित्रवाणीच्या रंगवाहक तरंगाच्या बरोबर चौपट. उद्देश हा की घरच्या टीव्हीवर संगणकाचे रंग उमटवता यावेत. त्याला तिनाने भागून प्रोसेसरचा ४.७७ मेगाहर्ट्‌झ हा वेग आला आणि बाराने भागून ८२५३ चा. रॅमच्या पुनर्भरणाची गती अशी टीव्हीच्या रंगांवरून ठरली.)

रॅमची तपासणी म्हणजे लिहायचे आणि वाचायचे. काय लिहायचे ह्यात मात्र शास्त्र आहे. सोळा-पायाच्या गणनेत ज्यांना ५५ आणि एए म्हणतात त्या दोन संख्या द्विमान पद्धतीत मांडल्या तर एकीत शून्य-एक, शून्य-एक असा आणि दुसरीत नेमका उलट असा पट निघतो. शेजारशेजारच्या दोन तारा कोठे चिकटल्या असतील तर ह्या पटात त्या लपून राहू शकत नाहीत. त्यांखेरीज सर्व एक आणि सर्व शून्य हेही लिहून पाहतात, आणि शून्ये अखेरीस लिहिल्यामुळे परीक्षेनंतर पाटी कोरी मिळते. प्रत्येक बाइटाच्या आठ बिटांबरोबर पॅरिटीचे नववे बिट ठेवलेले असे, म्हणून चिपांच्या रांगेत आठाऐवजी नऊ चिपा. एकांची संख्या सम की विषम एवढेच हे नववे बिट सांगते. परीक्षा आटोपल्यावर बाकीचे परीक्षक आपापल्या घरी जातात. हा एकटा दिवसभर पहाऱ्यावर राहतो.

येथवरची सारी झडती मुक्याने चालते, कारण पडद्याचीच अजून तपासणी व्हायची आहे आणि ज्याची तपासणी नाही त्याच्यामार्फत दोषाची वार्ता कशी द्यावी? म्हणून वाणीचे पहिले साधन म्हणजे छोटा स्पीकर. एक लांब व एक आखूड पुकार झाला तर मूळ बोर्डात दोष. एक लांब व दोन आखूड झाले तर पडद्याच्या कार्डात. सर्व ठीक असेल तर एकच आखूड पुकार, आणि तो सर्वांत शेवटी. पडदा हाती आला की यंत्राला आकडे लिहिता येऊ लागतात. २०१ म्हणजे रॅम, ३०१ म्हणजे कीबोर्ड, ६०१ म्हणजे फ्लॉपी, १३१ म्हणजे कॅसेट; होय, त्या यंत्राला कॅसेट टेपरेकॉर्डरही जोडता येत असे. २०१ च्या आधी येणाऱ्या आकड्यांवरून चिपांच्या कोणत्या रांगेतील कोणते बिट नासले आहे तेही उमगे, आणि दुरुस्ती करणारा नेमकी तेवढी एक चिप उपटून दुसरी बसवी. अर्थात पहिल्या रांगेच्या चिपा बोर्डाला डाखच दिलेल्या असत. तेथे दोष निघाला तर त्याला कपाळाला हात लावूनच बसावे लागे.

कीबोर्डाची कथा निराळी. त्याच्या पोटात स्वतःचा लहानसा प्रोसेसर असतो. मुख्य प्रोसेसर त्याला सावध करतो, तो आपली झडती आपणच घेतो आणि 'मी ठीक' अशा अर्थाचा एए हा आकडा परत धाडतो. त्यापुढे आणखी एखादा आकडा आला, तर कोणती तरी कळ दबून अडकली आहे असे समजून तिचा क्रमांक ३०१ च्या आधी छापतात. ह्याच कीबोर्डावरील तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे यंत्र पुन्हा प्रारंभापासून सुरू होते, ही जगप्रसिद्ध सोय डेव्हिड ब्रॅडली ह्या अभियंत्याने केलेली. पुनःप्रारंभात रॅमची सगळी झडती पुन्हा घेण्याचे कारण नसते, शिवाय रॅम वाढविलेल्या यंत्रात ती बराच वेळ खाते. म्हणून तीन कळा दाबल्या की आज्ञावली रॅममधील एका ठरावीक घरी १२३४ ही संख्या लिहून ठेवते आणि मगच आरंभाकडे उडी मारते. झडतीच्या वेळी ती संख्या तेथे सापडली तर रॅमची तपासणी माफ. माझी तपासणी नको असे सांगणारा दाखला ज्याची तपासणी करायची त्याच्याच खिशात ठेवलेला! पण येथे तो स्वीकारण्यात तोटा काही नाही, कारण वीज तोडून नव्याने चालू केली की तो दाखला राहत नाही.

१९८४ साली आलेल्या एटी ह्या यंत्रात झडती बरीच प्रौढ झाली. त्या यंत्रात बॅटरीवर चालणारे घड्याळ व थोडी टिकाऊ नोंदवही आली. बॅटरी मेली की १६१ हा आकडा येऊ लागला. शिवाय प्रत्येक टप्प्यावर पाऊल टाकण्यापूर्वी आज्ञावली ८० ह्या क्रमांकाच्या द्वारावर त्या टप्प्याचा आकडा लिहून जाऊ लागली. यंत्र अर्ध्या वाटेत कोसळले तरी तेथे शेवटचा आकडा उरतो, आणि त्या द्वारावर नजर ठेवणारे एक कार्ड बसविले तर तो दोन अंकी दिव्यांत वाचता येतो. उपहासाचा विषय झालेला तो संदेशही ह्याच वंशातला: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. लोक हसतात, पण कारण साधे आहे. दोष कोणताही असो, तो कळविल्यावर 'एफ-वन दाबा' असे म्हणणारा भाग सर्वांना समाईक, आणि कीबोर्डाच्या दोषाला त्यातून वगळण्याची तसदी कोणी घेतली नाही. पुढे बायोसच्या सेटिंगांत 'कीबोर्ड सोडून इतर कोणत्याही दोषावर थांबावे' असा पर्याय आला, तो कीबोर्डाविना चालणाऱ्या सर्व्हरांसाठी.

साद्यंत छापलेल्या आज्ञावलीने आय.बी.एम.च्या प्रतिस्पर्ध्यांची मात्र पंचाईत केली. ती वाचली की तीवरून उतरविल्याचा आळ. न वाचावी तर यंत्र जुळायचे कसे? कॉम्पॅक व फीनिक्स ह्या कंपन्यांनी तोडगा काढला तो असा, की एका पथकाने वर्तनाचा तपशील लिहून काढावा आणि ती छापील आज्ञावली कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या पथकाने त्यावरून नवी आज्ञावली लिहावी. त्यानंतर बायोसांचे पीक आले, आणि पीक आले तशी पुकारांची भाषाही प्रत्येकाची निराळी झाली.

ह्या भाषाभेदाचे जाणकार पाहावयाचे असतील तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गाला, किंवा पुण्यात तपकीर गल्लीला जावे. पोटमाळ्यावरच्या टेबलाशी बसलेला कारागीर फोनवर गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो तो हाच: "आवाज येतोय का? किती वेळा वाजतंय ते नीट मोजून सांगा." एएमआयच्या बायोसात आखूड पुकारांची संख्या मोजायची, अवॉर्डच्या बायोसात लांब-आखूड पाहायचे, हे त्याला तोंडपाठ असते, यंत्र त्याच्याकडे आलेच तर दोन अंकी दिव्यांचे कार्ड खणातून निघते. आणि पुष्कळदा त्याची पहिली उपाययोजना खोडरबराची असते. रॅमची पट्टी उपसून तिच्या कडेचे सोनेरी दात रबराने घासायचे, फुंकर मारून परत बसवायची, की यंत्र मुकाट्याने चालू. पावसाळ्यात दमट हवेने सांध्यांवर पातळ पापुद्रा धरतो, स्पर्श कच्चा होतो आणि झडतीला रॅम सापडत नाही. घासल्याने पापुद्रा जातो, आणि पट्टी काढून पुन्हा बसविण्यानेही अर्धे काम होते. सोन्याचा मुलामा मायक्रॉनच्या हिशेबातला असल्यामुळे हा उपाय दरसाल करण्यासारखा नाही, हे मात्र सांगितले पाहिजे.

आजच्या संगणकात बायोसची जागा यूईएफआय ह्या व्यवस्थेने घेतली आहे, पुकार सहसा ऐकू येत नाहीत, आणि आकड्यांऐवजी कंपनीचे बोधचिन्ह झळकते. रॅम कैक गिगाबाइटांची झाल्यामुळे तिचा प्रत्येक बाइट लिहून-वाचून पाहण्याइतका धीर गिऱ्हाइकाला नाही. झडती वरवर घेतात किंवा टाळतात. पण १९८१ चा पेच जागच्या जागी आहे, किंबहुना अधिक बिकट झाला आहे. आजची रॅम इतकी वेगवान असते की प्रोसेसर आणि चिपा ह्यांच्यामधील प्रत्येक तारेवरचा विलंब मापून जुळवून घेतल्याखेरीज ती बोलतच नाही. हे जुळवून घेणारी आज्ञावली मोठी व गुंतागुंतीची, तिला टिपणवही हवी, आणि रॅम तर अजून नाही. तेव्हा आजचे अभियंते प्रोसेसरच्या पोटातील कॅश काही क्षणांपुरती रॅम म्हणून वापरतात. परतीचे पत्ते रॉममध्ये लिहिणाऱ्यांनी ही युक्ती लगेच ओळखली असती.

ह्या सर्व झडतीची एक मर्यादा प्रारंभापासूनच होती: ती एका क्षणाची आहे. सकाळी जे धड होते ते दुपारी बिघडू शकते. गूगलच्या यंत्रांचा अभ्यास करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे आढळले, की वर्षभरात सुमारे एक तृतीयांश यंत्रांत रॅमची निदान एक तरी दुरुस्त करता येण्याजोगी चूक नोंदली गेली होती. त्या यंत्रांत पॅरिटीच्या नवव्या बिटाहून हुशार पहारेकरी होते, म्हणून चुका सापडल्या व सुधारल्या. प्रोसेसरवर तसा पहारा फारसा नसतो. तो बेरीज करतो आणि आपण ती मानतो.

२०२१ साली फेसबुकच्या अभियंत्यांनी एक प्रकरण सविस्तर मांडले. फायली उलगडताना काही फायली गहाळ होत होत्या, आणि यंत्र कोणताही दोष सांगत नव्हते. शोधता शोधता ते एका प्रोसेसरच्या एका गाभ्यापर्यंत पोचले. १.१ चा त्रेपन्नावा घात काढून त्याचा पूर्णांक घेतला तर उत्तर १५६ यावयास हवे. हा गाभा शून्य सांगे. फाइलीचा आकार शून्य, म्हणून ती लिहिण्याचे कारण नाही, असा पुढचा सरळ तर्क. इतर कित्येक गणिते तो बरोबर करीत होता. प्रारंभीच्या झडतीत त्याचे ध्वज उभे राहत, रजिस्टरांतून संख्या अक्षुण्ण फिरून येई, आणि यंत्र रोज निर्दोष म्हणून कामावर रुजू होई. त्याच वर्षी गूगलच्या अभियंत्यांनीही आपल्या ताफ्यातील अशा गाभ्यांविषयी लिहिले. ह्या कंपन्यांनी आपल्या प्रचंड ताफ्यांतील यंत्रे पाळीपाळीने कामावरून काढून घेऊन ज्यांची उत्तरे आधी ठाऊक आहेत अशी गणिते त्यांना घालण्याचा शिरस्ता ठेवला आहे. शिवाय चालू कामाच्या फटींतही अशी लहान लहान गणिते सोडली जातात. उत्तर चुकले की त्या गाभ्याचे नाव हजेरीपटावरून कमी होते, आणि बाकीचे गाभे काम पुढे चालवितात.